पायथन ३.१४ घ्यावं का, आणि काट्यावरचा जुना प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर काऊन चालत नाही

भाऊ, तुझा प्रश्न लांब आहे पण नीट लिहिला आहे, बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी दोन ओळीत सांगतो. दिग्रसकडचा बीसीएचा विद्यार्थी, कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज ७ आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं ३.८ व्हर्जन, घरी आता नवा लॅपटॉप आला, त्यावर विंडोज ११ आणि पायथन ३.१४. काकांची कापूस खरेदी आहे आणि तिथे काट्यावर कुणीतरी काही वर्षांआधी लिहून दिलेला पायथनचा प्रोग्राम चालतो, काट्याचं वजन नेटवर्कच्या वायरीवरून घेतो, शेतकऱ्याचं नाव आणि भाव टाकला की पावती निघते आणि संध्याकाळी एक्सेलसाठी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी फाइल, बनते. तो प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर कॉपी केला तं सुरुवातीलाच टेलनेटलिब नावाचं मॉड्यूल, म्हणजे नेटवर्कवरून बोलायचा तयार कोड, नाही म्हणून बंद पडला, ती ओळ बाजूला केली तं एक पॅकेज, म्हणजे बाहेरून आणून टाकायचा तयार कोड, बसेना, तेही कसंबसं जमवलं तं शेतकऱ्यांची मराठी नावं असलेल्या फायलीवर तिसराच एरर, तोही काही नावांवर येतो, काहींवर नाही. आणि विचारलं काय, तं ३.१४ मध्ये बदललं तरी काय, मी कोणतं व्हर्जन ठेवू, आणि गावात नेट असं असताना हे सगळं उतरवू कसं.

मी दारव्ह्याकडे राहतो, जिनिंगवाले, अडते, कृषी केंद्रवाले यांचेच प्रोग्राम बऱ्याच वर्षांपासून सांभाळून राहिलो, म्हणून तुझ्या प्रश्नातलं जवळपास सगळं माझ्या रोजच्या कामातलं आहे. आधी उत्तर सांगतो मग कारणं. तुझ्या लॅपटॉपवर ३.१४ राहू दे, शिकायला तेच चांगलं आहे. काट्यावरच्या काम्प्युटरला मात्र आत्ता हात लावू नको, काकांनी कितीही म्हटलं तरी नाही, सीझन संपू दे, उन्हाळ्यात कर.

हे सीझनचं मी उगाच नाही म्हणून राहिलो. पायथनचं नवं व्हर्जन ३.९ पासून दरवर्षी एकदा येतं आणि ते येतं ऑक्टोबरमध्ये. ३.१२ आलं २ ऑक्टोबर २०२३ ला, ३.१३ आलं ७ ऑक्टोबर २०२४ ला, ३.१४ आलं ७ ऑक्टोबर २०२५ ला. आणि आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे काय हे तुला सांगायची गरज नाही, सोयाबीन काढून बाजारात येतं, दिवाळीच्या पुढेमागे कापसाचा पहिला वेचा, काट्यासमोर गाड्यांची रांग. त्या दिवसात एका गाडीचं वजन अडकलं तं मागच्या सगळ्या शेतकऱ्यांचा दिवस जातो. म्हणजे जगात सगळीकडे नव्या व्हर्जनची चर्चा ज्या महिन्यात होते त्याच महिन्यात आपल्या कामाच्या काम्प्युटरवर काही बदलणं सगळ्यात वाईट. उलट एप्रिल-मे पर्यंत त्याच ३.१४ ची दुरुस्तीची लहान व्हर्जनं, साधारण दोन महिन्याला एक अशी, येऊन गेलेली असतात, नमपाय पांडाससारख्या आकडेमोडीच्या लायब्ऱ्यांनी आपली तयार पॅकेजं काढलेली असतात, आणि काट्यावर कुणी नसतं. नवं बियाणं आलं म्हणून कुणी आख्ख्या वावरात लावत नाही, आधी एका बाजूला चार तासं लावून पाहतो, तसंच हे.

आता काट्यावरचं जुनं ३.८ तसंच ठेवून चालेल का, तं नाही, कायमचं नाही. प्रत्येक व्हर्जनला एकूण ५ वर्षं सांभाळलं जातं. ३.१३ पासून पहिली २ वर्षं सगळ्या दुरुस्त्या आणि पुढची ३ वर्षं फक्त सुरक्षेच्या, असं ठरलंय. ३.८ चं आयुष्य ऑक्टोबर २०२४ ला संपलं, ३.९ चं ऑक्टोबर २०२५ ला. त्याच्यानंतर कितीही मोठं भोक सापडलं तरी ते बुजवून मिळत नाही. काट्यावरचा काम्प्युटर फक्त काट्यालाच वापरत असाल, त्यावर कुणी मेल उघडत नसेल, नेट जोडलेलं नसेल, तं एक सीझन निघतो, पण त्याच मशीनवर ऑनलाइन पेमेंटही करत असाल तं मग जपून. आणि लॅबमध्ये ३.८ च काऊन अडकलंय याचं कारण साधं आहे, विंडोज ७ वर चालणारं ते शेवटचं व्हर्जन. ३.९ ला विंडोज ८.१ लागतं, ३.१३ पासून विंडोज १०. म्हणजे लॅबवाल्या सरांना व्हर्जन वाढवा म्हणून भागणार नाही, तिथे विंडोजच बदलावं लागेल.

आता तुझे तीन एरर. हे तिन्ही ३.१४ मुळे आलेले नाहीत हे आधी लक्षात घे, पहिले दोन तू ३.८ वरून एकदम ३.१४ वर उडी मारली म्हणून आले, मधल्या सहा वर्षांचे बदल एकाच दिवशी तुझ्यासमोर, आणि तिसरा तं विंडोजवर ३.८ मध्येही असाच आहे.

पहिला, टेलनेटलिब. पायथनच्या सोबत येणाऱ्या लायब्ररीत बरेच जुने मॉड्यूल होते ज्यांना कुणी सांभाळत नव्हतं. ते काढायचा प्रस्ताव, पेप ५९४, २०१९ साली आला, ३.११ पासून इशारे द्यायला सुरुवात झाली आणि ३.१३ मध्ये एकूण १९ मॉड्यूल काढून टाकले. टेलनेटलिब त्यातलाच, सीजीआय त्यातलाच, क्रिप्ट, आयएमजीएचडीआर, ऑडिओऑप हेही. काही जण यावरून चिडले, माझं मत विचारशील तं काढलं ते बरोबर केलं, ज्या कोडकडे कुणी पाहत नाही ते सोबत देत राहणं म्हणजे वापरणाऱ्याला फसवणंच आहे. पण ज्याचा काटा बंद पडला त्याला या तत्त्वाचा काय उपयोग, म्हणून इलाज सांगतो.

तुझ्या प्रोग्राममध्ये टेलनेटलिब टेलनेटसाठी वापरलेलंच नसणार. काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राला, सिरियलचं इथरनेट करणारा डबा लावलेला असतो, त्याला एक आयपी आणि एक पोर्ट असतो, आणि तो सारखा वजनाच्या ओळी पाठवत असतो. लिहिणाऱ्याने सोपं पडतं म्हणून टेलनेटलिब घेतलं, एवढंच. ते काम नेटवर्कवरून बाइट्स घेणारं-देणारं साधं सॉकेट मॉड्यूल करतं, ते पायथनमध्ये आहे आणि राहणार आहे. सॉकेट उघड, टाइमआउट दे, बाइट्स घे, आस्कीमध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत, डिकोड कर, आकडा काढ. फक्त दोन गोष्टी सांभाळ. एक, रीसिव्ह एकदा केलं म्हणजे पूर्ण ओळ आलीच असं नसतं, टीसीपी हा प्रवाह आहे, कधी अर्धं वजन येईल, कधी दीड, म्हणून आलेले बाइट्स एका बफरमध्ये जमा करत जा आणि ओळ संपल्याची खूण दिसली की तेवढाच तुकडा कापून वाच. नाही तं ४८६० किलोच्या जागी ४८६ वाचलं जाईल आणि एररही येणार नाही, हे एररपेक्षा वाईट. दोन, ओळ संपल्याची खूण सगळ्या इंडिकेटरची सारखी नसते, काही कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन दोन्ही पाठवतात, काही फक्त कॅरेज रिटर्न. रीडलाइन वापरलं आणि इंडिकेटर न्यूलाइन पाठवतच नसेल तं प्रोग्राम वाट पाहत बसतो आणि आपल्याला वाटतं काटा बिघडला. म्हणून आधी आलेले बाइट्स जसेच्या तसे छापून पाहा, मग कोड लिही.

दुसरा, पॅकेज बसत नाही आणि एररमध्ये डिस्टयुटिल्सचं नाव येतं. डिस्टयुटिल्स, म्हणजे पॅकेज बांधून बसवणारं जुनं मॉड्यूल, ३.१२ मध्ये काढलं. जुन्या पॅकेजांची सेटअप फाइल त्यावरच चालायची. आणि त्याच ३.१२ पासून नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एका प्रोजेक्टच्या पॅकेजांची वेगळी जागा, बनवलं की सेटअपटूल्स हे पॅकेज बांधायचं टूल आपोआप त्यात येत नाही, आधी यायचं. म्हणून पहिले त्या पॅकेजचं नवं व्हर्जन आहे का पाहा, बहुतेक वेळा असतं आणि तेवढ्यानेच काम होतं. नसेल तं त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स वेगळं टाक, त्याच्या पोटात डिस्टयुटिल्सची स्वतःची प्रत आहे, बरंच जुनं त्यावर चालून जातं. तरीही नाही झालं तं ते पॅकेज सोडून दे, कुणी सांभाळत नसलेल्या पॅकेजवर काटा चालवू नये.

तिसरा एरर मराठीचा, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इंग्रजीतल्या माहितीत हे कुणी आपल्या बाजूने सांगत नाही. विंडोजवर पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये कशी लिहायची तो तक्ता, सांगितलं नाही तं पायथन विंडोजचा स्वतःचा तक्ता, कोड पेज, घेतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर ती सीपी १२५२ असते, म्हणजे युरोपातल्या भाषांची. तिच्यात देवनागरी नाहीच. मराठी नाव लिहायला गेलं की चारमॅपचा एरर येतो, तो बरा, निदान समजतो. वाचताना मात्र गंमत नाही, धोका आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या भाषा चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, देवनागरीचं प्रत्येक अक्षर ३ बाइट्सचं असतं आणि सीपी १२५२ मध्ये फक्त ५ बाइट्स अशा आहेत ज्यांना काही अर्थच नाही. त्या ५ पैकी एखादी आली तरच एरर येतो. हलंताची शेवटची बाइट त्यातली, ए, ऐ, आणि झ चीही त्यातलीच. म्हणून 'विठ्ठल' नाव आलं की प्रोग्राम एरर देऊन थांबतो कारण त्यात जोडाक्षर आहे, आणि 'मोहन' आलं तं एरर न देता कचरा अक्षरं वाचून पुढे जातो. तू लिहिलंस की काही शेतकऱ्यांच्या नावावर चालतं आणि काहींवर नाही, ते याच्यामुळे. शेतकऱ्याच्या पावतीवर त्याचं नाव बरोबर आलं पाहिजे, ही छोटी गोष्ट नाही, पुढे पैशाचा वाद झाला तं तोच कागद दाखवतो तो.

इलाज असा की प्रोग्राममध्ये जिथे जिथे फाइल उघडली तिथे तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिही. एक्सेलसाठी सीएसव्ही बनवताना यूटीएफ-८-सिग लिही, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला खूण पडते आणि एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली तरी मराठी नीट दिसतं, आणि सोबत न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग दे नाही तं विंडोजवर एक ओळ सोडून एक रिकामी ओळ येते. एखादी जागा सुटली का हे शोधायला ३.१० पासून सोय आहे, पायथन चालवताना एक्सच्या पर्यायात वॉर्न-डिफॉल्ट-एन्कोडिंग दिलं की जिथे एन्कोडिंग लिहिलं नाही त्या प्रत्येक ओळीवर तो इशारा देतो, मी जुना प्रोग्राम हातात घेतला की पहिलं हेच करतो. आणि चांगली बातमी अशी की पेप ६८६ मंजूर झालाय, ३.१५ पासून विंडोजवरही यूटीएफ-८ हेच आपोआप धरायचं ठरलंय. ३.१४ मध्ये ते नाही, म्हणून तोपर्यंत लिहावंच लागेल, आणि नंतरही लिहिलेलं राहिलं तं काही बिघडत नाही. तुझ्या प्रोग्रामच्या नोंदी ज्यात आहेत त्या एसक्यूलाइटच्या डेटाबेसची काळजी करू नको, तो आपल्या आत युनिकोडच ठेवतो, तिथली नावं शाबूत असणार.

याच जातीची अजून एक गोष्ट, फोल्डरचा पत्ता. विंडोजच्या पत्त्यात उलटी तिरपी रेघ असते, बॅकस्लॅश, आणि पायथनच्या स्ट्रिंगमध्ये तिला वेगळा अर्थ आहे. फोल्डरचं नाव इंग्रजी के अक्षरापासून, म्हणजे कापूस, असं असलं तं बॅकस्लॅश-के ला काही अर्थ नाही म्हणून जुन्या पायथनमध्ये चालून जायचं, ३.१२ पासून त्यावर समोर दिसेल असा इशारा येतो, आणि ३.१४ मध्ये तो इशाराच सांगतो की दोन बॅकस्लॅश टाक किंवा रॉ स्ट्रिंग वापर. पण फोल्डरचं नाव एन पासून असलं, नोंदी म्हण, तं बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ, त्यावर कोणतंच व्हर्जन इशारा देणार नाही कारण ते वैध आहे, फक्त फाइल सापडणार नाही. पाथलिब हे पत्ते जोडायचं मॉड्यूल वापरायची सवय लाव, हे दुखणंच जातं.

आता नव्यात चांगलं काय आलं. मला विचारशील तं तुझ्यासारख्याला, ज्याच्या गावात बाजूला बसून चूक दाखवणारं कुणी नाही, सगळ्यात मोठा फायदा एरर मेसेजचा आहे, आणि याची कुणी जाहिरात करत नाही. ३.९ मध्ये पायथनचा पार्सर, म्हणजे लिहिलेला कोड वाचून समजणारा भाग, नवा झाला आणि त्याच्या जोरावर ३.१० पासून मेसेज सुधारत गेले. ३.११ मध्ये ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठे आला ते सांगणारा मजकूर, ओळीतला नेमका कोणता भाग बिघडला तिथे खुणा दाखवायला लागला, म्हणजे एका ओळीत तीन ठिकाणी भागाकार असेल तं कोणता फसला हे दिसतं. ३.१२ मध्ये इम्पोर्ट करायचं विसरलं तं तसं विचारतो. ३.१३ मध्ये रंग आले, आणि अजून एक फार उपयोगाचं, तू तुझ्या फाइलला सीएसव्ही डॉट पीवाय असं नाव दिलंस आणि मग सीएसव्ही मॉड्यूल चालत नाही म्हणून रडलास, तं आता पायथन सांगतो की बाबा तुझ्या फाइलचं आणि मॉड्यूलचं नाव एकच आहे, फाइलचं नाव बदल. शिकणारी पोट्टी या एका चुकीत आख्खी दुपार घालवायची. ३.१४ मध्ये व्हाइलचं स्पेलिंग चुकलं तं तुला व्हाइल म्हणायचं होतं का असं विचारतो. या सगळ्यासाठी शिकणाऱ्याने नवंच व्हर्जन घ्यावं असं मी ठामपणे म्हणतो, ३.८ मध्ये नुसतं इनव्हॅलिड सिन्टॅक्स वाचून शिकणं म्हणजे स्वतःला उगाच त्रास.

तसंच ती तीन कोनांची खूण येते ती खिडकी, रेपल, जिथे ओळ लिहिली की लगेच चालते. ३.१३ मध्ये ती नवी लिहिली, आता वरचा बाण दाबला की आख्खा फंक्शनचा तुकडा परत येतो, एकेक ओळ नाही, एफ ३ दाबून मोठा कोड पेस्ट करता येतो, नुसतं एक्झिट लिहिलं तरी बाहेर पडतो. ३.१४ मध्ये लिहिता लिहिता कोडला रंगही येतो. जास्त रॅम खाणारा एडिटर टाकायच्या आधी महिनाभर यातच शिक.

वेगाचं म्हणशील तं ३.११ हे खरं मोठं पाऊल होतं, ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट जलद. ३.१३ मध्ये जेआयटी, म्हणजे चालता चालता कोड मशीनच्या भाषेत बदलणारा भाग, प्रयोग म्हणून आला, ३.१४ मध्येही तो बंदच असतो, हवा तं चालू करायचा. गिल, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड (कामाचा धागा) चालू देणारं कुलूप, काढलेलं, म्हणजे एकाच वेळी खरेखुरे अनेक थ्रेड चालवणारं पायथन ३.१३ मध्ये प्रयोग होतं, ३.१४ मध्ये अधिकृत झालं, पण ते वेगळं बसवावं लागतं आणि एकट्या थ्रेडचं काम त्यात साधारण ५ ते १० टक्के हळू चालतं. हे काम फार मोठं आहे, पुढच्या दहा वर्षांचं पायथन त्यावर उभं राहील, पण तुझा काट्याचा प्रोग्राम दिवसभर वजनाची वाट पाहतो, त्याला याचा काडीचा उपयोग नाही. त्यावरचे व्हिडिओ पाहून साधं सोडून तेच बसवू नको.

टी-स्ट्रिंग हे ३.१४ चं नवं व्याकरण आहे. दिसायला एफ-स्ट्रिंगसारखंच, म्हणजे मजकुराच्या मधे कंसात किंमत टाकायची, पण त्यातून स्ट्रिंग निघत नाही, टेम्पलेट नावाची वस्तू निघते, ज्यात ठरलेला मजकूर वेगळा आणि आत टाकलेल्या किमती वेगळ्या राहतात. एखादी लायब्ररी ती घेऊन किमती सुरक्षित करून एसक्यूएल (डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा) किंवा एचटीएमएल (वेब पानाची भाषा) बनवू शकते. टी-स्ट्रिंग लिहिली म्हणजे आपोआप सुरक्षा आली असं मात्र नाही. तुझ्या प्रोग्रामचा जो तुकडा पाठवलास त्यात शेतकऱ्याचं नाव एफ-स्ट्रिंगने सरळ एसक्यूएलमध्ये घातलंय, ते आजच बदल, एसक्यूलाइटमध्ये प्रश्नचिन्ह देऊन किमती वेगळ्या पाठवायची सोय पहिल्यापासून आहे, त्यासाठी कोणतंही नवं व्हर्जन लागत नाही. आणि तारीख डेटाबेसमध्ये सरळ डेटटाइम म्हणून टाकतोस, ते ३.१२ पासून नको म्हणतात, आयएसओ फॉरमॅटची स्ट्रिंग करून टाक, वाचायलाही बरी पडते.

अजून एक, हे मी मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडे पायथन २ च्या काळातला कोड अजून फिरून राहिला. ३.१४ मध्ये एरर पकडणाऱ्या एक्सेप्टच्या पुढे दोन एरर लिहायचे तं कंस नाही दिला तरी चालतो, नुसता स्वल्पविराम. पण पायथन २ मध्ये त्याच स्वल्पविरामाचा अर्थ होता की पकडलेला एरर 'ई' नावात ठेव. तसा जुना कोड ३.१३ पर्यंत फाइल उघडतानाच अडायचा, ३.१४ मध्ये ती ओळ पास होते आणि ज्या दिवशी खरंच एरर येतो त्या दिवशी 'ई' कोण म्हणून दुसराच एरर निघतो. म्हणून जुन्या फायलीत एक्सेप्ट शोधून प्रत्येक ओळ डोळ्याने पाहा.

आता उतरवायचं कसं. ३.१४ पासून विंडोजसाठी पायथन इन्स्टॉल मॅनेजर आलाय, त्याने पाय इन्स्टॉल असं लिहून कोणतंही व्हर्जन टाकता येतं, पाय लिस्टने कोणकोणती आहेत ते दिसतं, एकमेकांच्या बाजूला चार व्हर्जनं राहतात. जुन्या पद्धतीचा इन्स्टॉलर ३.१६ पासून मिळणार नाही, म्हणून याचीच सवय कर. पण मी स्वतः आता नव्या कामाला यूव्ही वापरतो. अॅस्ट्रल नावाच्या कंपनीने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलं, रस्टमध्ये लिहिलंय, पायथन उतरवणं, एन्व्हायर्नमेंट बनवणं, पॅकेज टाकणं, कोणतं पॅकेज कोणत्या व्हर्जनचं हे लॉक फाइलमध्ये लिहून ठेवणं, सगळं एकच टूल करतं. शहरातले लोक त्याच्या वेगाचं कौतुक करतात, मला त्याचा कॅश आवडतो. एकदा उतरलेलं पॅकेज मशीनवर राहतं, दुसऱ्या प्रोजेक्टला लागलं तं नेटवरून परत आणत नाही, आणि ऑफलाइन असं सांगितलं तं नेटकडे जातच नाही. टॉवरला रेंज नाही आणि लाइन संध्याकाळी सहाला येते अशा ठिकाणी हा फरक फार मोठा आहे.

काट्यावरच्या मशीनला नेटच नसेल तं जुनी पद्धत अजून सगळ्यात भरवशाची. जिथे नेट आहे तिथे पिप या पॅकेज बसवणाऱ्या टूलने पिप डाउनलोड करून सगळी पॅकेजं एका फोल्डरमध्ये घे, पेन ड्राइव्हवर टाक, काट्यावर जाऊन पिपला नो-इंडेक्स आणि फाइंड-लिंक्सने तोच फोल्डर दाखव. फक्त व्हील, म्हणजे आधीच बांधलेल्या पॅकेजच्या, फायलीचं नाव वाच, त्यात सीपी ३१४ आणि विन एएमडी ६४ असं लिहिलं असेल तं ती ३.१४ आणि ६४ बिट विंडोजलाच चालेल, ३.१३ ला नाही. नावात पीवाय ३ नन एनी असेल तं कुठेही चालते. नव्या व्हर्जनसाठी व्हील आलेली नसली की पिप सोर्स उतरवून बांधायला जातो आणि मग मायक्रोसॉफ्टची बिल्ड टूल्स मागतो, ती काही जीबीची असतात, डेटा पॅक तिथेच संपतो. असं झालं तं हट्ट करू नको, त्या प्रोजेक्टला ३.१३ दे. एका मशीनवर एक प्रोजेक्ट ३.१४ वर आणि दुसरा ३.१३ वर यात काही कमीपणा नाही, एन्व्हायर्नमेंट त्यासाठीच असतं.

मे महिन्यात काट्याचा प्रोग्राम हलवशील तेव्हा असं कर. जुन्या मशीनवरून डेटाबेसची प्रत घे, मागच्या सीझनचा एक गर्दीचा दिवस निवड, त्या दिवसाच्या पावत्या नव्या प्रोग्राममधून परत काढ आणि जुन्या सीएसव्हीशी ओळीला ओळ जुळवून पाहा. २३.४७ क्विंटलला ८११० भाव म्हणजे १,९०,३४१.७० आलेच पाहिजेत, जुन्यातही आणि नव्यातही. पैशाला फ्लोट, म्हणजे दशांश जवळपासच ठेवणारा आकडा, वापरला असेल तं याच वेळी दशांश तंतोतंत ठेवणाऱ्या डेसिमलवर ने, कारण पायथन २.६७५ चे दोन दशांश केले तं २.६७ देतो, २.६८ नाही, हे सगळ्या व्हर्जनमध्ये तसंच आहे, बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. सगळं जुळलं तरी जुनं मशीन पहिल्या महिन्यात तिथेच राहू दे.

राहिला कॉलेजचा प्रश्न, घरी ३.१४ शिकलं आणि प्रॅक्टिकल ३.८ वर झालं तं अडेल का. मूळ भाषा तीच आहे, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी, क्लास काही बदललं नाही. फक्त थोड्या गोष्टी लॅबमध्ये लिहू नको. मॅच-केस ३.१० चं आहे. दोन डिक्शनरी उभ्या रेघेने जोडणं आणि स्ट्रिंगचं रिमूव्हप्रीफिक्स ३.९ चं. टाइप हिंटमध्ये लिस्टच्या पुढे चौकोनी कंसात इंट लिहिणं तेही ३.९ चं. एफ-स्ट्रिंगच्या आत बाहेरचंच अवतरण चिन्ह परत वापरणं ३.१२ पासून चालतं, ३.८ मध्ये सिन्टॅक्स एरर येईल, पोट्टे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. यूव्हीने ३.८ सुद्धा तुझ्या लॅपटॉपवर बाजूला टाकता येतं, प्रॅक्टिकलच्या आठवड्यात तुझे सगळे प्रोग्राम त्यावर एकदा चालवून घे.